एका घरातले दोन पत्ते

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. यात नगरपालिका नाही, आमदार नाही, ऊसदर नाही. घरात येणाऱ्या इंटरनेटच्या वायरीचा इतिहास आहे. पण शेवटपर्यंत आलात तर लक्षात येईल की विषय सार्वजनिकच आहे.

दहा-अकरा वर्षं झाली. बारावीच्या निकालाचा दिवस होता, निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागणार होता. आमच्या गल्लीत केबलवाल्याचं इंटरनेट येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. टीव्हीच्याच काळ्या वायरीला एक छोटा मोडेम जोडलेला. शेजारच्या काकूंची मुलगी साडेबारापासून माझ्याकडे येऊन बसली होती. सकाळी बातम्या पाठवून मी कॉम्प्युटर बंद केला होता, तो एकला दहा कमी असताना परत चालू केला. मोडेमचे सगळे दिवे स्थिर लागलेले. पान मात्र काही केल्या उघडेना.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, तुमचा मोडेम आम्हाला ऑनलाइन दिसतोय. प्रॉब्लेम तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल." परत लावला, परत तेच. शेवटी ती पोरगी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेकडे पळाली. पास झाली, फर्स्ट क्लास मिळाला, पण निकाल कळायला तिला तासभर लागला. गल्लीतल्या दुसऱ्या एकाने कस्टमर केअरचं ऐकून ३०० रुपये घालवले आणि विंडोज नव्याने टाकून घेतली. तरीही नेट नाहीच.

संध्याकाळी केबलवाल्याचा पोरगा आला. आयटीआय झालेला, हुशार. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडली, एक कमांड दिली आणि म्हणाला, "दादा, कंपनी खोटं बोलत नाहीये आणि तुम्ही पण नाही. मोडेमला पत्ता मिळालाय. कॉम्प्युटरला नाही मिळाला. हे बघा, १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसतोय. कुणी पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच स्वतःला असला नंबर लावून घेते."

मी विचारलं, "एकाच वायरीवर दोन पत्ते?"

"दोन काय दादा, फोन जोडला तर तीन."

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, नेटवर्किंगचा गंध नाही. पण हे डोक्यात बसलं. पुढे जमेल तसं वाचत गेलो, त्या पोराला आणि त्याच्यासारख्या इतरांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

दवंडी आणि वेस

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि कंपन्यांत बिनडिस्कचे कॉम्प्युटर वापरात येऊ लागले. डिस्क महाग, म्हणून ती एका मोठ्या मशीनमध्ये ठेवायची आणि बाकीच्यांनी तिथूनच सगळं घ्यायचं. अडचण अशी की असा कॉम्प्युटर चालू झाला की त्याला स्वतःचं नावगावही माहीत नसायचं. कारखान्यात कोरलेला हार्डवेअर क्रमांक, ज्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात, तेवढाच त्याच्याजवळ. नेटवर्कवर बोलायला लागतो आयपी पत्ता, आणि तो कुणीतरी द्यावा लागतो.

मग तो काय करायचा? दवंडी पिटायचा. "मी अमुक क्रमांकाचा, मला कुणी पत्ता देता का?" त्या वायरीवरच्या सगळ्यांना हे ऐकू जायचं. जून १९८४ मध्ये यासाठी आरएआरपी नावाची पहिली पद्धत लिहून काढली गेली. पण दवंडीचा एक नियम असतो, ती वेशीबाहेर जात नाही. दोन नेटवर्कांच्या मधे बसलेला राउटर असली आरोळी पुढे जाऊच देत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर एका गावाची दवंडी साऱ्या जिल्ह्याला ऐकावी लागेल. परिणाम काय, तर प्रत्येक वायरीवर पत्ता देणारं वेगळं मशीन ठेवावं लागायचं. म्हणजे प्रत्येक वाडीला स्वतंत्र तहसील कचेरी.

सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर या दोघांनी यावर तोड काढली. क्रॉफ्ट स्टॅनफर्ड विद्यापीठात होते, गिलमोर सन मायक्रोसिस्टिम्समध्ये. त्यांच्या पद्धतीचं नाव बूटपी. अर्जाचा एक ठरलेला नमुना त्यांनी तयार केला आणि त्यात चार बाइटची एक रिकामी जागा ठेवली, 'जीआयअ‍ॅडर'. म्हणजे गेटवे आयपी अ‍ॅड्रेस. अर्ज करणाऱ्याने ही जागा कोरी सोडायची. वेशीवर बसलेला मध्यस्थ दवंडी ऐकेल, या जागेत स्वतःचा पत्ता लिहील आणि तो अर्ज थेट दूरच्या सर्व्हरकडे पाठवून देईल.

आपल्या भाषेत सांगायचं तर तो मध्यस्थ म्हणजे गावचा कोतवाल. वाडीत कुणी हाक दिली की तो अर्ज उचलतो, त्यावर गावाचा शिक्का मारतो आणि तालुक्याला नेऊन देतो. तालुक्याचा कारकून अर्जदाराला ओळखत नाही. तो शिक्का बघतो, त्या गावच्या वहीतून मोकळा पत्ता काढतो आणि कोतवालाच्याच हाती परत पाठवतो. म्हणजे पत्ता कुठला मिळणार हे शिक्क्यावर ठरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

ऑक्टोबर १९९३ मध्ये याच नमुन्यावर राल्फ ड्रॉम्स यांनी डीएचसीपी रचलं. ते पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठात शिकवत होते. बूटपीत कोणत्या मशीनला कोणता पत्ता, हे माणसाने आधीच वहीत लिहून ठेवावं लागायचं. डीएचसीपीने पत्ता भाडेपट्ट्यावर द्यायला सुरुवात केली. ठरावीक मुदत, मुदत संपत आली की नूतनीकरण, नाही केलं तर पत्ता दुसऱ्याला. त्याच महिन्यात वॉल्ट वायमर यांनी बूटपीतल्या संदिग्ध जागा स्पष्ट करून लिहिल्या आणि आपल्या कोतवालाला त्याचं आजचं नाव मिळालं, रिले एजंट. अर्जातली ती चार बाइटची जागा मात्र जशी होती तशीच राहिली.

टेकड्यांमधली वायर

आता दुसरा धागा. केबल टीव्हीचा जन्म १९४८ च्या सुमारास अमेरिकेतल्या डोंगराळ गावांत झाला, पेनसिल्व्हेनियात आणि ओरेगॉनमध्ये. दरीतल्या घरांना टीव्हीचं चित्र दिसत नव्हतं, म्हणून टेकडीवर अँटेना उभारला आणि तिथून वायर खाली घरोघर नेली. पुढची कित्येक वर्षं ही वायर एकमार्गी होती. वरून खाली चित्र येतं, खालून वर काहीच जात नाही. रस्त्यावरचे अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा एकाच दिशेला काम करणारे.

इंटरनेटला उलट वाटही लागते. तुम्ही मागाल तेव्हाच पान येतं. म्हणून अमेरिकेतल्या केबल कंपन्यांनी वायरीवर दोन्ही दिशांचे अ‍ॅम्प्लिफायर बसवले, खालच्या फ्रिक्वेन्सींचा एक पट्टा वर जाण्यासाठी राखून ठेवला आणि सगळ्यांच्या मोडेमना एकच भाषा असावी म्हणून केबललॅब्ज या आपल्या सामायिक संस्थेकडून नियम बनवून घेतले. ही संस्था १९८८ ची. नियमांचं नाव डॉक्सिस, पहिली आवृत्ती मार्च १९९७. योगायोग असा की डीएचसीपीचा आजही पायाभूत मानला जाणारा मजकूर, आरएफसी २१३१, हाही मार्च १९९७ चाच.

डॉक्सिसमध्ये कंट्रोल रूममध्ये एक मोठं यंत्र असतं, सीएमटीएस. हजारो घरांतल्या वायरी शेवटी त्याच्याकडे येतात. आपल्या कोतवालाची नोकरीही त्याच्याकडेच.

घरात मोडेमचा प्लग लावला की तो आधी फ्रिक्वेन्सी शोधतो. मग आपला आवाज किती मोठा ठेवायचा आणि कोणत्या क्षणी बोलायचं हे सीएमटीएसकडून समजून घेतो. त्यानंतर डीएचसीपीने पत्ता मागतो. पत्त्याबरोबर त्याला दोन गोष्टी कळतात : घड्याळ कुठून लावायचं, आणि कोणती फाइल कुठून उतरवायची. त्या फाइलमध्ये तुमचा प्लॅन असतो, किती स्पीड, किती कॉम्प्युटर जोडायला परवानगी, वगैरे. ती फाइल वाचून मोडेम नोंदणी करतो आणि मग दिवा स्थिर होतो.

इथपर्यंत जे झालं ते मोडेम आणि कंपनी यांच्यात झालं. तुमचा कॉम्प्युटर अजून चित्रातच नाही. मोडेम तुमच्या टेबलावर असला तरी तो कंपनीचाच हस्तक असतो. त्याला मिळणारा पत्ताही साधारणपणे अंतर्गत, १० ने सुरू होणारा. असे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, घरातल्या घरात वापरायला ते फेब्रुवारी १९९६ च्या नियमाने वेगळे काढून ठेवलेले आहेत.

मग तुमचा कॉम्प्युटर हाक देतो. ती हाक मोडेममधून, त्याच वायरीने, त्याच सीएमटीएसच्या त्याच दारावर पोचते. पण कॉम्प्युटरला हवा असतो बाहेर चालणारा पत्ता.

आता पंचाईत बघा. अर्ज दोन प्रकारचे, दार एक आणि शिक्का एक. मोडेमच्या अर्जावर जो गावाचा शिक्का, तोच कॉम्प्युटरच्या अर्जावर. तालुक्याच्या कारकुनाने ओळखायचं कसं? १९८५ मध्ये ती चार बाइटची जागा 'अर्ज कुठून आला' एवढंच सांगायला केली होती. केबलवाल्यांना तिच्याकडून 'अर्ज कुणाचा' हेही वदवून घ्यायचं होतं.

तोडगा साधा निघाला. सीएमटीएसच्या एकाच दाराला दोन पत्ते द्यायचे, एक मुख्य आणि एक दुय्यम. अर्ज मोडेमचा असेल तर जीआयअ‍ॅडरच्या जागेत मुख्य पत्ता लिहायचा, मोडेममागच्या कॉम्प्युटरचा असेल तर दुय्यम. कोतवालाच्या खिशात आता दोन शिक्के. कारकुनाला काही नवं शिकायची गरज नाही, तो पूर्वीसारखाच शिक्का बघून वही उघडतो. कोणता अर्ज कुणाचा हे सीएमटीएसला कळतं, कारण मोडेम स्वतःशीच नोंदलेले असतात. शिवाय मोडेमने आपल्या अर्जात 'डॉक्सिस' या शब्दाने सुरू होणारी ओळख लिहायचीच असते.

यात मेख एकच. हे आपोआप होईलच असं नाही. सिस्कोच्या सीएमटीएससारख्या यंत्रांत ही सेटिंग माणसाला घालावी लागते. ती विसरली, तर सगळ्या अर्जांवर एकच मुख्य शिक्का बसतो. दुय्यम पत्ता घातला पण सर्व्हरवर त्याची वही उघडली नाही, तर मोडेमचे दिवे लागतात आणि कॉम्प्युटर बसतात हात चोळत.

पुढे गर्दी वाढत गेली. केबलवरून टेलिफोन आला. त्याच्या यंत्राला एमटीए म्हणतात, तो मोडेमच्याच डबीत बसतो आणि पत्ता मात्र स्वतंत्र मागतो. दोन्ही दिशांनी बोलणारे सेट-टॉप बॉक्स आले. मग शिक्के वाढले : मोडेमचा एक, कॉम्प्युटरचा एक, फोनचा एक, सेट-टॉपचा एक. कोणत्या प्रकारचा अर्ज कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हेसुद्धा वेगवेगळं ठरवता येऊ लागलं. यामागे कारणं आहेत. फोनचा आवाज तुटून चालत नाही, म्हणून त्याचे पत्ते वेगळे असले की त्या रहदारीला आधी वाट देणं सोपं जातं. मोडेम आणि सेट-टॉपला बाहेरच्या कुणी हात लावू नये, म्हणून त्यांना आतले पत्ते. बाहेर चालणारे पत्ते मोजकेच, म्हणून ते फक्त ग्राहकाच्या यंत्राला.

हे किती टोकाला गेलं याचा एक आकडा सांगतो. अमेरिकेतल्या कॉमकास्ट या केबल कंपनीच्या अभियंत्याने २००६ मध्ये जाहीर व्याख्यानात हिशेब मांडला होता. २ कोटी ग्राहक, दर ग्राहकामागे सरासरी अडीच सेट-टॉप बॉक्स, दर बॉक्सला २ पत्ते. झाले १० कोटी. आणि १० ने सुरू होणारे अंतर्गत पत्ते जगात एकूण १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. ते त्या कंपनीला आदल्याच वर्षी संपले होते. आयपीव्ही६ म्हणजे लांब पत्त्यांची नवी पद्धत केबल कंपन्यांनी घाईने हातात घेतली त्याला हे एक मोठं कारण. त्या पद्धतीतही कोतवालाची जागा आहेच, फक्त नाव बदललं आणि ४ बाइटची १६ झाली.

आपल्याकडे काय झालं

आपल्याकडची केबल सोसायट्यांत व्हीसीआर लावून सुरू झाली. १९९१ मध्ये आखाती युद्ध लोकांनी सीएनएनवर बघितलं, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला आणि गावोगाव छत्र्या लागल्या. सरकारला कायदा करायला १९९५ उजाडलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही टेलिफोनच्या तारेवरून. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. तेव्हा केबलच्या वायरी घरोघर पोचलेल्या होत्या, पण त्या एकमार्गी. विजेच्या खांबावरून झाडावर, झाडावरून गच्चीवर, मधे दहा ठिकाणी जोड. असल्या वायरीवर उलट वाट काढणं महाग पडायचं. म्हणून बऱ्याच गावांत केबलवाल्यांनी टीव्हीची वायर तशीच ठेवून शेजारून दुसरी, निळी किंवा करडी लॅनची वायर गच्च्यांवरून फिरवली. डॉक्सिस आलं ते मुख्यतः मोठ्या शहरांत, आणि मोठ्या कंपनीचं जाळं जिथे पोचलं अशा काही तालुक्यांत. आमचं गाव त्यातलं.

२०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. त्या व्यवस्थेच्या सरकारी नावातच 'अ‍ॅड्रेसेबल' हा शब्द होता. म्हणजे प्रत्येक बॉक्सला क्रमांक, आणि त्या क्रमांकावरून चॅनेल चालू-बंद. पण आपल्याकडचे बहुतेक बॉक्स ऐकणारे, बोलणारे नाहीत. त्यांना आयपी पत्ता लागत नाही, म्हणून आपल्या कोतवालाचा तिसरा-चौथा शिक्का इथे फारसा वापरातच आला नाही. मोडेमचा आणि कॉम्प्युटरचा, हे दोन मात्र होते.

आता निकालाचा दिवस परत आठवा. आमच्या भागातल्या मोडेमसाठी १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची भलीमोठी वही होती. कॉम्प्युटरसाठी होते फक्त २५३ पत्ते. एका छोट्या गटात मिळतात २५४, त्यातला एक सीएमटीएसच्या दारालाच जातो. सुरुवातीला गिऱ्हाइकं शंभरभर, सगळं सुरळीत. सहा महिन्यांत ती तीनशेच्या पुढे गेली आणि वही वाढवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. एरवी सगळे एकाच वेळी नेट लावत नाहीत, म्हणून झाकून गेलं. निकालाच्या दिवशी सगळ्यांनी लावलं. मी सकाळी मशीन बंद केलं तेव्हा माझा भाडेपट्टा संपून पत्ता दुसऱ्याला गेला होता. आणि कंपनीच्या पडद्यावर? सगळे मोडेम हिरवे.

त्या पोराने वरच्या ऑफिसला फोन करकरून दोन दिवसांत दुसरा दुय्यम पत्ता घालून घेतला, सर्व्हरवर नवी वही उघडून घेतली आणि प्रश्न मिटला. मला मात्र एक गोष्ट खुपली ती आजही खुपते. एका घरात दोन पत्ते आहेत. कंपनी बघते मोडेमचा आणि आपलं काम चालतं दुसऱ्यावर. 'तुमचा मोडेम ऑनलाइन आहे' हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही ग्राहकाच्या काही कामाचं नसू शकतं. आणि ते खरं असल्यामुळेच दोष ग्राहकाच्या गळ्यात पडतो. तीनशे रुपये त्याचे जातात.

चुकीच्या माणसाचा पत्ता

तीनशे रुपयांवर भागलं तर ठीक. २००७ ची गोष्ट काहींना आठवत असेल. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल ऑर्कुटवर कुणीतरी आक्षेपार्ह मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी तपास केला, आयपी पत्ता मिळवला आणि तो त्या वेळी कुणाकडे होता हे इंटरनेट कंपनीला विचारलं. कंपनीने दिलेल्या माहितीवरून बंगळूरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक झाली. तो ५० दिवस तुरुंगात होता. नंतर कळलं की तो पत्ता त्या वेळी त्याच्याकडे नव्हताच. कंपनीने दिलेली जोडणी चुकीची होती.

केबलचं जाळं असो नाहीतर दुसरं कुठलं, मुद्दा तोच. पत्ता भाडेपट्ट्याचा आहे. आज सकाळी माझा, दुपारी तुमचा. 'हा पत्ता कुणाचा?' या प्रश्नाला 'किती वाजता?' हे जोडल्याशिवाय उत्तरच नाही. आणि ते उत्तर तयार होतं कोतवालाच्या शिक्क्यातून, कारकुनाच्या वहीतून आणि भिंतीवरच्या घड्याळातून. तिन्हींतलं एक चुकलं की निरपराध माणूस दारात पोलीस बघतो.

हा धोका पद्धत घडवणाऱ्यांच्या लक्षात आला नव्हता असं नाही. ग्राहकाच्या घरातलं यंत्र स्वतःबद्दल काहीही सांगू शकतं, त्याचा मॅक अ‍ॅड्रेस बदलता येतो. म्हणून जानेवारी २००१ मध्ये मोटोरोलाच्या मायकेल पॅट्रिक यांच्या नावाने एक नवा नियम आला, ऑप्शन ८२. यात कोतवाल शिक्क्यासोबत एक चिठ्ठीही जोडतो : हा अर्ज अमुक मोडेममागून आला. ही चिठ्ठी ग्राहकाच्या हातात नसते, ती कंपनीचंच यंत्र लिहितं. त्यामुळे पत्ता, वेळ आणि घर यांची गाठ पक्की बसते, बनाव करणं अवघड होतं आणि निर्दोष माणसाला स्वतःचं निर्दोषपण दाखवायलाही पुरावा मिळतो.

पण हीच चिठ्ठी दुधारी आहे. कोणत्या घराने कधी पत्ता घेतला याची वही कायम कुणाच्या तरी कपाटात राहते. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने परवान्यात बदल करून अशा नोंदी किमान २ वर्षं ठेवायला सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने १८० दिवसांचे लॉग ठेवण्याचा आणि सगळ्यांनी घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवण्याचा आदेश काढला. घड्याळाची अट वाचली तेव्हा मला बंगळूरूचा तो तरुण आठवला. अट चांगलीच आहे. पण गावच्या कंट्रोल रूममध्ये ती कोण तपासतं?

त्यात आणखी गुंता झाला आहे. बाहेर चालणारे जुने पत्ते आशियाच्या वाट्याचे जवळजवळ संपले ते १५ एप्रिल २०११ ला. तेव्हापासून नव्याने मिळतात ते थेंबथेंब. म्हणून आता अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. निव्वळ पत्ता आणि वेळ यांवरून माणूस सापडत नाही, पोर्ट क्रमांकही लागतो. नोंद अर्धवट असली की संशय एका घरावर न राहता आख्ख्या गल्लीवर जातो.

एक गंमत सांगून हा भाग संपवतो. बूटपी लिहिणाऱ्या दोघांपैकी जॉन गिलमोर यांनी १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था दोन सहकाऱ्यांबरोबर स्थापन केली. इंटरनेटवर माणसाचे हक्क आणि खासगीपण जपण्यासाठी ती आजही कोर्टात भांडते. ज्याने वेशीवरच्या शिक्क्याला अर्जात जागा करून दिली, त्यानेच पुढे त्या वेशीतून जाणाऱ्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं.

मग आपण काय करायचं

आमच्या गल्लीतली काळी वायर आता गेली, फायबर आलं. मोडेमची जागा ओएनटी नावाच्या पांढऱ्या डबीने घेतली. काही कंपन्या आता पत्ता युजरनेम-पासवर्डने देतात, काही डीएचसीपीनेच. पण वेशीवर कुणीतरी बसलेलं आहेच, चिठ्ठी जोडतं आहेच, आणि इंटरनेट, फोन, टीव्ही यांच्या रांगा वेगळ्या करतं आहेच. तो केबलवाल्याचा पोरगा आता जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या कंपनीत आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, यंत्रं बदलली, तक्रार तीच. डबीचा दिवा हिरवा आणि गिऱ्हाईक लाल."

तेव्हा तीन गोष्टी करा.

पहिली, नेट बंद असेल आणि 'तुमचा मोडेम ऑनलाइन आहे' असं उत्तर मिळालं तर शांतपणे विचारा, "मोडेमला पत्ता आहे हे कळलं. माझ्या राउटरला पत्ता दिलाय का? तुमच्या सर्व्हरवर त्याची नोंद बघून सांगा." विंडोज नव्याने टाकायच्या आधी हे विचारा. तक्रारीचा नंबर घ्या.

दुसरी, वायफायचा पासवर्ड चांगला ठेवा. त्या चिठ्ठीवर जे घर लिहिलं जातं ते तुमचं असतं, वायफाय शेजारच्याने वापरलं तरी.

तिसरी, तुमच्या केबलवाल्याला विचारा की नोंदी कोण ठेवतं, किती दिवस ठेवतं आणि त्या कुणाला आणि कोणत्या कागदावर देतो. उत्तर देता आलं नाही तरी चालेल, निदान प्रश्न त्याच्या कानावर जाऊ द्या. रेशनकार्डावर चुकीचं नाव लागलं तर आपण तहसीलला चार खेटे घालतो. या वहीत आपलं नाव बरोबर आहे का, हे आपण आजवर कधी विचारलेलंच नाही.

या क्षेत्रातली मंडळी यादीत आहेत, माझं कुठे चुकलं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त सांगा, दुरुस्त करतो. आणि त्या बारावीच्या निकालाच्या दिवशी ज्यांनी ज्यांनी उगाच विंडोज टाकून घेतली होती, त्यांनी हात वर करा. गल्लीतला तो एकटाच नसणार, याची मला खात्री आहे.